पाऊण तोळा

चाळिसापर्यंत गाडी शहाणी.
बेचाळीसला स्टिअरिंगवर मुंग्या चढतात,
पायाखालचा पत्रा कुजबुजायला लागतो,
आरशातला शिरोलीचा रस्ता
दोन रस्ते होतो.
पन्नासला पुन्हा सगळं गप्प,
जसं काही झालंच नव्हतं.

उद्यमनगरात इलाही शिकलगारनं बॉनेट उघडलंच नाही.
शेजारी बसला. म्हणाला, "चालवा. बोलू नका."
बेचाळीसला म्हणाला, "क्लच दाबा."
गाडी नुसती घरंगळली. थरथर गेली.
"म्हंजे चाकं न्हाईत. उगा त्यांच्यावर आळ नको."
परत येऊन उभ्या गाडीला रेस दिली,
आणि ती आली, त्याच आकड्याला,
वसुलीवाल्यासारखी.
"शाफ्ट बी न्हाई. आता घरातलंच कोणतरी."

प्लगच्या वायरी एकेक काढल्या.
दर वेळी इंजिन सारखंच लंगडलं :
चौघं भाऊ, कामचुकार कुणीच नाही.
फॅनचा पट्टा उतरवला. तीच.
माउंटिंगच्या रबरात नख रुतवलं. जिवंत होतं.
मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला, मूठ कानाला,
डोळे मिटून तो इतका वेळ ऐकत राहिला
की पलीकडच्या लेथवाल्यानं
आपणहून मशीन बंद केलं.

मी छापखान्यातली बाई.
छपाई दुहेरी आली की आम्ही आधी कागदाला शिव्या घालतो,
मग शाईला,
आणि मग, नाइलाजानं, मशीनखाली वाकतो.

तिसऱ्या दिवशी गिअरबॉक्स उतरला.
क्लचच्या ताटावर सहा बोल्ट.
पाच कंपनीचे, बारीक डोक्याचे.
सहावा जाडा, मानेला गंज, आटे मोडून दामटलेला.
"हा मोटारीचा न्हाईच ओ.
उसाला पाणी पाजणाऱ्या इंजनाचा हाय."

संतूला गुजरीत पिटाळलं.
सोनाराच्या काट्यावर एका पारड्यात पाचातला एक, दुसऱ्यात हा.
पाऊण तोळा जास्त.
सोनार विचारत होता म्हणे, घडणावळ लावू का?

पाऊण तोळा.
मिनिटाला तीन हजार फेऱ्या,
दर फेरीला एकाच बाजूनं मारलेली कोपरखळी,
किती वर्षं, कुणास ठाऊक.

रंगरावमामा एका प्रिंटवर दोन टॉकीज चालवायचा.
इकडचं रीळ संपलं की डबा या फियाटच्या मागच्या सीटवर,
तिकडचं सुरू व्हायच्या आत तिकडे.
त्यासाठी डॅशबोर्डवर घड्याळ,
पत्र्याच्या पट्टीनं आवळलेलं.
कुठल्याशा रात्री बोल्ट तुटला असेल.
तिकडे पडदा पांढरा, शिट्ट्या, खुर्च्यांची मोडतोड,
नायिका इकडे डब्यात,
आणि मामा कंदील घेऊन कुणाच्या तरी मळ्यात,
झोपलेल्या इंजिनाशी हलक्या आवाजात बोलत :
उद्या देतो.

नवा बोल्ट बसला. पंचगंगेचा पूल. बेचाळीस.
काही नाही.
म्हणजे मागच्या दाराची कडी ऐकू आली,
राखदाणीचं झाकण,
शिकलगारच्या श्वासातली शिट्टी,
इतके दिवस मोठ्या आवाजाआड बसलेली ही सगळी लहान माणसं.

परतताना बघितलं, घड्याळ सव्वाचारवरच.
निघालो तेव्हाही सव्वाचारच होते.
किल्ली तर पुरी भरलेली.
शिकलगारनं वाकून काचेला कान लावला.
"ह्यो हादरा लागत हुता न्हवं, त्यावर चालायचं बिचारं."
खिशातनं जुना बोल्ट काढून तळहातावर झेलला.
"सांगा. काय करू?"

अजून सांगितलेलं नाही.
बोल्ट छापखान्यात आहे, प्रुफांवर, वजन म्हणून.
सिग्नलला थांबले की मी घड्याळाला टिचकी मारते.
दसरा चौकापर्यंत चालतं.