थांबा

सकाळी आठ ते पावणेनऊ, दुपारी अडीच ते सव्वातीन
बसल्टनच्या शाळेसमोर मी रस्ता अडवते.
अंगात पिवळं जाकीट, हातात काठीवरची गोल पाटी : थांबा.
मोटारी थांबतात. दुधाचा टँकरसुद्धा थांबतो.
पोरं पलीकडे जातात, नाड्या सुटलेल्या,
अर्धा सँडविच तोंडात.

उरलेल्या वेळात मी थांबत नाही.

हे कुणाला सांगितलं की लोक आधी माझ्या पोटाकडे बघतात,
मग मांड्यांकडे,
मग घाईघाईने आभाळाकडे.
सायकलच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
"कुणाला भेट द्यायचीय का?"
हो म्हटलं.
तीन हजार डॉलर मोजून मलाच दिली.

रबरी पोशाख चढवणं हीच एक वेगळी शर्यत.
डेस माझ्या पाठीत गुडघा रोवून चेन ओढतो,
"श्वास आत घे, मर्ल."
घेतलाय रे.
उरलंय ते मी आहे.

जेटी समुद्रात जवळजवळ दोन किलोमीटर गेलेली.
तिच्या कडेने पोहते, खांब मोजत,
दोनशेनंतर आकडे चुकतात, पाणी चुकत नाही.
डोक्यावरून पर्यटकांची छोटी आगगाडी जाते,
परत येते,
मी अजून तिथेच असते.
गळ टाकून बसलेला एक म्हातारा एकदा ओरडला,
"माफ करा हं, सील वाटलं!"
मी हात हलवला.
सीलला आवडलं असतं ते.

सप्टेंबरात मॅगपायच्या घरट्यांत पिल्लं.
ट्युअर्टच्या जंगलातून सायकल नेली की
नर थेट मानगुटीवर झेपावतो.
हेल्मेटला प्लास्टिकच्या पट्ट्या बांधून
मी साळिंदर होऊन जाते, तरी येतो.
खरं सांगू, बरं वाटतं.
इतकं गांभीर्याने मला दुसरं कुणीच घेत नाही.

आणि पळणं.
पळण्याबद्दल एवढंच, की एका रविवारी
एका बाईने गाडी कडेला घेऊन काच खाली केली,
"बरं नाहीये का? कुठे सोडू?"
"मी पळतेय," म्हटलं.
तिने माझ्या मागे वाकून पाहिलं,
कोण लागलंय ते.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी
पोहून बाहेर आले तेव्हा डेस रडत होता,
ऊन डोळ्यांत गेलं म्हणाला.
मग सायकल. एकशे ऐंशी किलोमीटर.
वारा जाताना समोरून,
येतानाही समोरून, कसा ते वाऱ्यालाच ठाऊक.
शेवटच्या वळणावर अडसर लावलेला
आणि त्याच्यापुढे पाटी धरून
कीरन हॉब्ज.

सात वर्षांचा असताना त्याला ट्रकची भीती वाटायची.
सगळी पोरं गेली की त्याला मी वेगळा न्यायची,
शेवटी, एकट्याला, हात धरून.
आता हनुवटीवर चार केस.
"मिसेस टिलब्रुक," म्हणाला, "नऊ मिनिटं."
पाटी घसरत घसरत त्याच्या गुडघ्यापर्यंत आली.

"सरळ धर," म्हटलं.
"मागच्यांना दिसायला हवी."

उतरताना पोटरीत गोळा आला,
सायकल आडवी, मीही जवळजवळ आडवी.
रस्ता अर्धा मोकळा सोडलेला, गाड्या येत होत्या.
कीरनने माझा हात धरला.
उजवीकडे पाहिलं,
डावीकडे पाहिलं,
परत उजवीकडे,
आणि पलीकडे नेलं.

सोमवारी पोरांनी विचारलं, पदक?
नाही.
मग काय मिळालं?
मोठं केळं, म्हटलं, आणि पायाला फोड.
फोड दाखवावा लागला. रांग लागली.

मंगळवारी पहाटे पाच वाजता
डेस अंधारात रबरी पोशाख घेऊन उभा,
"चढवायचा?"

थांब, म्हटलं.
आधी चहा.