अकरा-चाळीसचा ठिपका

एकतीस वर्षं मी हा प्रदेश चालवत नेला,
विल्यांदीहून दलदलीच्या कडेकडेनं.
काचेवर वायपर, सीटशेजारी थर्मास,
समोर बुटके पाईन, पाणी, आभाळ.
पाहिलं असं म्हणवत नाही. रस्ता पाहिला.

आता भाच्याचा जुना टॅब्लेट, कोपऱ्यात तडा गेलेला,
आणि दर गुरुवारी वाचनालयात तावेत:
एकोणीस वर्षांचा, नखांत सायकलचं ग्रीस,
माझ्याशी बोलताना स्क्रीनकडे पाहणारा.

पहिल्या चित्रात मी हात राखला नाही.
सूर्यास्त असा, की कुत्र्यानं भुंकावं.
गवत पोपटी, पाणी निळंशार,
रंगांची चकती हाताशी, फुकट, न संपणारी.
शाळेत आम्हा चौघींत एक पेटी असायची,
हिरव्याची वडी मधोमध खड्डा पडून तळाला गेलेली.
बहुतेक त्या हिरव्याचीच भरपाई करत होते.

तावेतनं एक बटण दाबलं. रंग गेले.
उरला राखी लगदा,
आभाळ, झाडं, पाणी सगळं एकाच वजनाचं.
"हेल्यू, इथे दिवस आहे की रात्र?"
मला सांगता येईना.

मग महिनाभर रंगांना सुट्टी.
काळा, पांढरा आणि मधले पाच.
उजेड कुठून येतो ते आधी.
रात्री पडल्या पडल्या मी छतावरचे राखी मोजायची;
नोव्हेंबरात इथे त्यांना तोटा नाही.

मग ड्रॉपर.
फोटोतल्या गवतावर टेकवला
आणि चौकोनात हिरवं आलंच नाही,
आला भिजलेल्या पोत्याचा रंग.
बर्फावर टेकवला: जांभळट.
दलदलीचं काळं पाणी: कोरा चहा, तोही दुसऱ्यांदा उकळलेला.
मी चिडले. "मग मला हिरवं दाखवत कोण होतं?"
"शेजारी," तावेत म्हणाला,
"बाजूला तांबूस शेवाळ आहे ना, म्हणून,"
आणि माझ्या डब्यातला शेवटचा केक उचलला.

त्या आठवड्यात घरी, सातव्या लेयरवर, सोओत्सा फाटा.
फाटा कसला, एक खांब आणि पत्र्याची पाटी.
तिथे अकरा-चाळीसला लेइदा उभी असायची,
सप्टेंबरभर, दोन बादल्या क्रॅनबेरी घेऊन,
अंगात कोळ्यांचा नारिंगी रेनकोट, दोन मापं मोठा.
धुक्यात आधी कोट दिसायचा, मग बाई.
सुट्टे मोजून द्यायची. बोलायची नाही.
एकदाच म्हणाली, "तुझा गिअर कण्हतोय." खरं होतं.

एका सप्टेंबरात खांब नुसताच.
मी दार उघडलं, दोन मिनिटं थांबले,
मागे कुणी खाकरलं, निघाले.
दुसऱ्या दिवशीही थांबले.
वेळापत्रकात ते बसत नव्हतं.

तर सातवा लेयर.
भडकपणाची पट्टी मी खाली ओढत गेले,
पाईन राखेत मिसळेपर्यंत,
आभाळ विसळलेल्या पातेल्यासारखं होईपर्यंत.
हात थरथरला, दहा वेळा मागे घेतलं
(बसला हे बटण असतं तर!),
आणि सर्वांत लहान ब्रशनं
खांबाशी एक ठिपका.

पेटला.
इतका, की मी चष्मा काढून पुसला.
मग राहवेना, ड्रॉपर टेकवला:
नारिंगी नव्हताच तो. विटकरी, जवळजवळ मळका,
चकतीच्या त्या भागातला, जिथे मी कधी बोट नेलं नव्हतं.

गुरुवारी तावेत बराच वेळ पाहत राहिला.
फाइलचं नाव वाचून हसला: दलदल-सतरा-खरंच-शेवटची.
"कडेला थोडं निळं चाललं असतं," म्हणाला,
"पण हे काय आहे? हे, इथलं?"

"थांबा," मी म्हटलं.

तो थांबला,
मी पुढे काही सांगेन म्हणून.