कोणता हिवरा

खिडकीतला बाबू मान वर न करता विचारायचा,
"कोणता?"
आणि समोरचा माणूस अडकायचा.
जन्मभर एकाच हिवऱ्यात राहिलेल्याला
काय ठाऊक, की गावालाही कोणता असतो.

एक हिवरा मोठ्या लाइनीवर.
तिथे मेल थांबत नसे,
नुसती धूळ टाकून जाई.
दुसरा बावीस कोस आत, छोट्या लाइनीवर.
तिथे गार्डच उतरून फाटक लावायचा,
उघडायचा,
आणि धावत येऊन डब्याला लोंबकळायचा.
तो आमचा.

दोन्ही नावं एकाच झाडाची.
हिवर. वाकडा, काटेरी, पांढुरक्या सालीचा,
सावली अशी की बकऱ्या बसतात, माणूस विचार करतो.
साहेबानं विचारलं असेल, हे काय?
कोणी तरी झाड दाखवलं असेल.
बावीस कोसांवर दुसऱ्या कंपनीच्या साहेबाला
दुसऱ्या कोणी
तेच झाड.
कंपन्या दोन; एकमेकींच्या वह्या वाचत नसत.

माझा बाप, झिबल मेश्राम, छोट्या हिवऱ्याचा सांधेवाला.
कंदिलाच्या खोलीत चुकलेला माल ठेवायचा.
सरकीची पोती. शिवणयंत्राचं नुसतं चाक.
एकदा शाळेची पितळी घंटा आली.
रमणय्या मास्तरांनी तार केली: घंटा इथे आहे, न्या.
दुसऱ्या दिवशी आपल्याच यंत्रावर तार खडखडली:
घंटा इथे आहे, न्या.
मास्तर बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले.
मग म्हणाले, बांधा.
ती घंटा आमच्या फलाटावर वाजली, एकतीस वर्षं,
एकाही पोराची शाळा न सुटता.

आणि तुळसा.
रात्रीच्या गाडीनं उतरली, ट्रंक, बोचकं,
हातावरची मेंदी अजून लाल.
नवरा जिनात फिटर, घ्यायला येणार होता.
नवऱ्याचं नाव ती घेईना,
गावाचंच घेत राहिली, हिवरा, हिवरा,
आणि बाप म्हणत राहिला, हो माय, हाच.
उजाडेपर्यंत कोणी आलं नाही.
आईनं भाकर दिली, अंबाडीची भाजी दिली.
हात धुताना ती झाडाकडे पाहून म्हणाली,
"हिवर त तोच हाये जी. मंग मी चुकली कशी?"
ह्याचं उत्तर कोणाकडे नव्हतं.
सकाळच्या गाडीत बसवली.
खिडकीतून ओरडली, पोचली की चिठ्ठी टाकते.

टाकली असेल.
पत्त्यावर तिनं काय लिहिलं असेल?
मुक्काम हिवरा.
मला वाटतं, तिची चिठ्ठी तिलाच मिळाली असावी.

मग कागद निघाला: एका नावाची दोन ठाणी नकोत.
मोठ्याला शेपूट लागलं, हिवरा रोड.
पेंटरनं पिवळ्यावर काळं रंगवलं तेव्हा
तिथे रोड नव्हता, बैलगाडीची चाकोरी होती.
आम्ही नुसते हिवरा राहिलो.
बापाला त्याचा मोठा अभिमान,
जणू भांडणात घर त्याच्या वाट्याला आलं.

छोटी लाइन बंद होऊन आता इतकी वर्षं झाली
की रुळांच्या जागी तूर आहे.
घंटा कोणी नेली माहीत नाही.
मोठा अजून स्वतःला रोड म्हणवतो.
ज्याच्यापासून वेगळं दिसायचं तोच उरला नाही,
हे त्याला कोणी कळवलं नसेल,
किंवा कळवलं असेल, आणि तार भलतीकडे गेली असेल.

परवा मी तिकीट मागितलं, हिवरा.
पोरगी पडद्यात बघून म्हणाली,
हिवरा नावाचं काही नाही. हिवरा रोड आहे.
म्हटलं, द्या.

दुपारी उतरलो.
खरंच, झाड तेच. बकऱ्याही.
चहावाल्याला विचारलं, इथे एक तुळसा होती,
जिनातल्या फिटरची बायको, जुनी गोष्ट आहे.
त्यानं कप माझ्याकडे सरकवला,
मला पायापासून वरपर्यंत न्याहाळलं.
"काकाजी," तो म्हणाला,
"तुमी चुकून त नाही उतरले?"