फळ्यावरचा आकडा

पहाटे साडेपाचला मी काठी घेऊन वर जाते.
काठीवर मुर्झाने रंगवलेल्या सेंटिमीटरच्या खुणा,
लाल आणि काळ्या. लाल उन्हाने विटला.
जानेवारीत ही काठी हातातून सुळकन आत जायची,
माझ्या कोपरापर्यंत.
आता टणकन वाजते.
रात्रीत गोठून सगळा उतार पत्रा झालेला असतो,
आत्ता कुणी यावरून घसरलं तर दाढा खिळखिळ्या होतील.

लिफ्टच्या तिसऱ्या खांबापाशी एकोणीस.
पाचव्यापाशी, सावलीत, एकतीस.
तिकीटखिडकीसमोर काठी टेकवायचीही लाज वाटते.

परवा दक्षिणेचा वारा आला
कुठल्याशा वाळवंटाची धूळ घेऊन.
तेव्हापासून बर्फाला जुन्या दाताचा रंग आलाय.
मुर्झा म्हणतो, पांढरा बर्फ ऊन नुसतं चाखतो,
पिवळा ढोसतो.
त्याला ढोसण्यातलं कळतं.

दहाला ऊन गावातल्या दगडी मनोऱ्यांवरून उतरतं.
पत्र्याचे दाणे होतात, रवाळ,
भरडलेल्या मक्यासारखे,
आणि तीन तास, फक्त तीन,
हा डोंगर कुणाचंही ऐकतो. नवशिक्यांचंसुद्धा.
एकनंतर लापशी.
दोननंतर देव जाणे.

हे सगळं फळ्यावर मावत नाही.
फळ्यावर एकच चौकोन आहे: बर्फाची जाडी.

आठ वाजता तिबिलिसीहून एल्गुजाचा फोन.
साठ लिही.
म्हटलं, साठ माझं वय आहे.
मग पन्नास लिही.
म्हटलं, तेही होतं.
तो हसला नाही. म्हणाला, त्सिउरी,
शनिवारची अकरा बुकिंगं आहेत,
लोक आकडा बघून गाडी काढतात.
म्हणूनच, मी म्हटलं, आणि खडू उचलला.

फोन ठेवल्यावर मात्र हात अडला.
वरच्या घळीत, जिथे कुणी जात नाही,
अजून दोन मीटर असेल.
तिथे काठी रोवली
तर आकडा खरा आणि फळा खोटा.
इतकं सोपं असतं ते.

शेवटी लिहिलं: एकोणीस. धुळकट. दहा ते एक उत्तम.
खाली शेवटची चाळीस पावलं चालत या.
गवतात क्रोकस फुललेत, त्यांच्यावरून स्की नेऊ नका.
चौकोनाबाहेर गेलं, अक्षर मुंगीएवढं करावं लागलं.
मुर्झाने फोटो काढून सगळ्यांना पाठवला.

नऊ बुकिंगं रद्द झाली.

आले ते झुगदीदीचे भूगोलाचे मास्तर, ओतिया,
माझ्याहून जुन्या स्की खांद्यावर,
आणि त्यांची नात इनगा, पहिल्यांदाच.
ती सात वेळा पडली.
आठव्यांदा पडली नाही, आणि ते तिला
खाली पोचल्यावर कळलं.
मग स्की काढून, ओठ हलवत,
फुलांच्या कडेकडेने चालत आली थेट माझ्या खिडकीशी.
चाळीस नाहीत, म्हणाली. बावन्न आहेत.
मी बाहेर गेले,
ओल्या बाहीने चाळीस पुसलं,
बावन्न लिहिलं, ठळक.
तिने पाय उंचावून तपासलं आणि मान हलवली.

सोमवारी आम्ही लिफ्टचा दोर सैल केला,
खुर्च्या उतरवून गोठ्याशेजारी रचल्या.
बुधवारी रात्री बर्फ पडला.
कुणाला न विचारता, वाऱ्याशिवाय,
पांढराशुभ्र, पिठासारखा,
साऱ्या मोसमात पडला नव्हता असा.

सवयीने काठी घेऊन गेले.
सुळकन गेली.
खूण बघायला वाकले नाही.

परतताना फळ्यापाशी मुर्झाची गाय उभी होती,
पाठीवर चार बोटं बर्फ,
फळ्याचा खालचा कोपरा चाटत.
माझा एकोणीस तिने केव्हाच खाल्ला होता.
वर बावन्न तेवढं उरलं होतं.

एल्गुजाने पाहिलं असतं तर म्हणाला असता,
बघ.