पंचेचाळीसच्या वेगावर

बुधवारच्या बाजारात, गाडगे महाराज पुलापाशी,
गंजके पान्हे आणि जोडीदार हरवलेल्या बुटांशेजारी
द्राक्षांच्या एक्स्पोर्ट खोक्यात तबकड्या उभ्या होत्या.
आरत्या. बालगीतं. कुणाच्या तरी लग्नातली सनई.
आणि त्यांच्यात दाटीवाटीनं, कव्हरसुद्धा नसलेले
आम्ही.

'गुड्स यार्ड', नाशिकरोड, एकोणीसशे ऐंशी.
'लास्ट बस टू देवळाली', भाग एक.
लेबलवर तीन नावं. माझं नाही.
मीच काढायला लावलं होतं.

पोरगा म्हणाला, काका, तीस रुपये,
याची घड्याळं बनवतात आता.
मी घासाघीस केली. का केली कोण जाणे.
पंचवीसला आणली.

सायलस त्रिभुवन बेसवर. शरणपूरचा,
प्रार्थनेच्या पेटीवर हात बसलेला.
ड्रमवर दलबीर, तोफखान्यातल्या सुभेदाराचा पोर,
त्याला हळू वाजवणं ठाऊकच नव्हतं.
गायचा होरमझ, त्याच्याच आजोबांच्या सॅनेटोरियममागे
गॅरेजमध्ये आमची तालीम.
मी आणि सायलस दिवसभर प्रेसमध्ये नोटा तपासायचो,
संध्याकाळी शाईच्या बोटांनी तारा धरायचो,
आणि नऊ नऊ मिनिटांची गाणी वाजवायचो
ज्यांच्या मध्यावर लोक चहाला उठत.

मग मुंबईहून कंपनीचा माणूस आला.
केस लांब चालतील म्हणाला, सोलो लांब नको.
चार मिनिटं द्या. टाळ्या द्या. खालून ढुप् ढुप् द्या.
सायलस हसला. "खैरनार, नाचू दे की लोकांना,
त्यांनी आपलं काय घोडं मारलंय?"
मी म्हणालो, हे संगीत नाही, शिलाई मशीन आहे.
वाक्य मला फार आवडलं होतं.
गिटार खांद्याला लावून कॅम्प ते नाशिकरोड
मी तेच पुटपुटत चालत आलो.

प्लेअरचा पट्टा वितळून चिकटला होता.
पायजम्याचं इलास्टिक लावलं.
सुई उडायला लागली, तर तिच्या डोक्यावर वजन हवं.
बत्तीस वर्षं नोटा छापल्या, कोट्यवधी,
आणि अडल्या वेळी कामाला आलं
दोन रुपयांचं नाणं.

खटका चुकून तेहतीसवर राहिला.
होरमझचा आवाज विहिरीतून आल्यासारखा, जड,
दलबीर पहिल्यांदाच शहाण्यासारखा संथ,
आणि मी हात पुढे केला तो तसाच राहिला.
हे तर तेच. नऊ मिनिटांचं. माझं.
सायलसनं त्यातला एक सूर फेकला नव्हता,
नुसतं पळवलं होतं,
जशी शेवटची बस पळवतात.

आम्हाला वाटलं होतं, वाटलं होतं म्हणजे मला,
की त्यांनी ते विकलं.

पंचेचाळीसवर टाकलं. उलटी बाजू, भाग दोन.
टाळ्या, ढुप् ढुप्, होरमझचं ते खोटं अमेरिकन 'बेबी'.
मग एकाएकी सगळे बाजूला सरतात.
फक्त बेस, आणि हाय-हॅटचं चिस् चिस्.
सोळा मात्रा. बत्तीस. कुणीच काही वाजवत नाही.
बेस त्याच वळणावर पुन्हा पुन्हा येतो,
मागे बघतो,
पुन्हा निघतो.
अशी जागा सायलस कुणासाठी ठेवायचा
हे मला विचारू नका.

दोन वर्षांपूर्वी शरणपूरच्या दफनभूमीत
मी सगळ्यात मागे उभा होतो,
त्याच्या बायकोला नाव सांगितलं फक्त आडनाव.
ती म्हणाली, अच्छा, ते खैरनार.

सहाव्यांदा सुई मागे नेली तेव्हा
खालच्या बोरसेबाईंनी झाडूच्या दांड्यानं
छताला ठोकायला सुरुवात केली.
नेमकं ठेक्यावर.
म्हणजे त्यांच्या रागाच्या ठेक्यावर असेल,
पण गुडघा बदललेला माझा उजवा पाय
ते मानायला तयार नव्हता.