निळा धूर

स्मबातने बॉनेट उघडलंच नाही.
आधी चहा ओतला, मग विचारलं,
"धूर कधी येतो, वार्सेनिक?
पहाटे पहिल्या चावीला, की नंतर?"
मी म्हटलं, येतो. धूर काय, धूरच.
"मग जा," म्हणाला, "आणि नीट बघून ये."

निघताना गाडीखाली अंथरायला
त्याने बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा दिला.
रात्रभर पुठ्ठा कोरडा राहिला.
म्हणजे तेल गळत नव्हतं, जळत होतं.
आठवड्याला लिटर,
शनिवारच्या बाजारातला चीजचा एक अख्खा गड्डा
मी रस्त्यावर सोडून येत होते.

मग आठ दिवस आरशात बघत झिगुली चालवली.
पहाटे अशोत्स्कला, उणे अठरात, चावी फिरवली:
पांढरी वाफ, ती तर माझ्याही तोंडातून येत होती.
ग्युमरीपर्यंतच्या उतारावर, पाय उचलून: काही नाही.
पण संध्याकाळी रिकाम्या बादल्या खडखडवत
चढाला लागले, पाय दाबला,
की मागे निळं.
कढईत विसरलेल्या तेलाचा वास
थेट माझ्या स्कार्फात.

गावात प्रत्येकाकडे निदान तयार होतं.
दीर हमायाक म्हणाला, इंजिनच बदल.
पंपावरचा पोरगा म्हणाला, जाड तेल घाल.
शेजारीण म्हणाली, विकून एक गाय घे.
दुखणं एकाचं,
नाडी धरायला अख्खं गाव.

स्मबातने सगळं ऐकून घेतलं, कपाळाला काळं बोट लावलं.
"पहाटे असता तर व्हॉल्व्हची रबरं म्हटलं असतं.
उतारावर असता तर गाइड.
चढावर म्हणजे खालचं, रिंगा. बहुतेक.
आणि बहुतेकवर मी पाना लावत नाही."

चारही प्लग काढून ओळीने चिंधीवर मांडले.
तीन विटकरी, कोरडे.
तिसऱ्या घरातला काळा, ओला,
आजारी कुत्र्याच्या नाकासारखा.
मग गेज. मी चावी धरून राहायची,
तो आकडे खडूने भिंतीवर लिहायचा:
अकरा. अकरा. साडेसात. साडेदहा.
तिसऱ्यात त्याने चमचाभर तेल ओतलं
(जर्दाळूच्या मुरंब्याचा चमचा, मघाशी चहाला आला होता तोच).
पुन्हा फिरव.
दहा.

तेलाने फट भरली, दाब चढला.
व्हॉल्व्ह गेला असता तर चढला नसता.
एवढं मलाही कळलं.

"किती पळवलीस ही?"
पळवली कुठे. हा एकच हिवाळा.
त्याआधी सात वर्षं गोठ्यामागे, पत्र्याखाली.
वाहान रोस्तोवला बांधकामावर गेला तेव्हा म्हणाला होता,
हात लावू नकोस, वसंतात येतो.
मी लावला नाही.
दर वसंतात चाकांत हवा भरत होते, तेवढाच.

स्मबातने प्लगच्या भोकात टॉर्च धरून
एक डोळा मिटला, बराच वेळ.
"भिंतीला ओरखडा नाही गं.
झिजलेलं मला वासाने कळतं.
रिंग खाचेत चिकटून बसलीय.
हे पळून झालेलं नाही. उभं राहून झालंय."

मी भिंतीवरच्या साडेसातकडे बघत बसले.
चहा केव्हाच गार झाला होता.

रॉकेलमध्ये कसलंसं मिसळून त्याने भोकात ओतलं.
दोन रात्री.
"घाई केली तर मोडते. सुटली तर सुटली,
नाहीतर उन्हाळ्यात पिस्टन बाहेर काढू,
तोवर पैसे जमव."
मी दोन दिवस बसने आले-गेले, बादल्या मांडीवर घेऊन.

तिसऱ्या दिवशी प्लगशिवाय इंजिन फिरवलं
तेव्हा भोकातून काळं पाणी उसळून
त्याच्या कॅलेंडरवर उडालं, अख्खा मार्च भिजला.
गेज लावलं. साडेनऊ.
"अकरा नाही झाले," मी म्हटलं.
"तुझे तरी झालेत का?" म्हणाला,
आणि चमचा धुवायला गेला.

चढावर पहिल्या वळणापर्यंत निळं होतं.
दुसऱ्यावर कमी.
नंतर आरशात मागचा रस्ता दिसायला लागला,
बर्फ, खांब, एक मेंढपाळ.

रविवारी रोस्तोवहून फोन आला.
गाय विचारली, छप्पर विचारलं,
हमायाकचं गुडघ्याचं विचारलं.
गाडीचं विचारलं नाही.
मीही साडेनऊचा आकडा
माझ्यापाशीच ठेवला.