हजेरी

रात्र कॉलेज. मार्च संपत आलेला, पंखा
उकाडा नुसता इकडचा तिकडे करतो.
आधुनिक तत्त्वज्ञान, घटक चौथा : असणे.
पटावर अकरा, बाकांवर चार.

फळ्यावर लिहिलं : आहे.
म्हटलं, टेबल आहे, खडू आहे, सोलापूर आहे.
टेबल, खडू, सोलापूर यांवर आपण जन्मभर बोलतो,
आज मागं उरतात त्या दोन अक्षरांकडे बघू.
ती वस्तू नव्हेत. कुठं ठेवलेली नाहीत.
काढून घेतली, तर उभं काय राहतं?

श्रीलता गुंडेटी, शेवटचा बाक.
आईबरोबर विड्या वळून येते,
वहीलाही तंबाखूचा वास.
म्हणाली, सर, आमच्या घरात हा शब्द लागतच नाही.
इदि मग्गम. हा माग. झालं.
म्हणून काय माग पडतो का?

माझ्या टिपणांत याला पान नव्हतं.

साखर पेठेत घर, खाली चार माग.
खडखड चालू असेतो कुणाला ऐकूच यायची नाही,
चादर दिसायची, नायना दिसायचा,
धागा तुटला तर धागा.
लाइट गेली की मात्र शांततेनं
अख्खी गल्ली दचकून उठायची
आणि अंधारात चार माग
चार म्हशींसारखे उभे.
तेव्हा कळायचं सर, हे हायेत म्हणून.

(हेच सांगायला मला सतरा पानं लागली होती.)

विचारलं, वडील काय करतात आता?
नायना लेडु.
मग माझ्यासाठी मराठीत : नाहीत.
मग, जरा थांबून, पण तसं नाही ते सर.
माग भंगारात दिले तेव्हा म्हटलं लेदु.
नायना गेला तेव्हा लेडु.
जिभेचं टोक एवढंसं मागं वळतं बघा.
नसला तरी तो माणूसच राहतो,
मागात जमा होत नाही.

मी 'आहे'च्या खाली 'नाहीत' लिहिलं
आणि त्या शेवटच्या त-पाशी खडू थांबला.
अण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली.
कुणी विचारलं तर अजून
नाही म्हणत नाही मी, नाहीत म्हणतो;
नसण्यालाही अहोजाहो करतो,
हे मला आज, बाहेर
रिक्षावाला हॉर्न मारत असताना.

तास संपला. हजेरी राहिली होती.
यस सर. प्रेझेंट. प्रेझेंट.
गुंडेटी श्रीलता.
ती दारापर्यंत पोचलेली, चपलेत एक पाय.
हाय की, म्हणाली.